दुसऱ्यांदा आलेला आवाज

रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेत असं समजा. जेवणं आटोपली आहेत, ओटा पुसून झाला आहे, शेजारच्यांच्या टीव्हीचा आवाजही आता कमी झाला आहे. बाल्कनीच्या दाराशी खुर्ची ओढून बसा आणि हँडी हातात घ्या. हातात मावणाऱ्या संचाला हौशी रेडिओवाले हँडीच म्हणतात. आवाज अर्ध्यावर ठेवा. स्कॅन सुरू करा. छोट्या पडद्यावर साठवलेल्या जागांचे आकडे पळायला लागतील, १४४ मेगाहर्ट्झपासून १४६ पर्यंत आणि पुन्हा पहिल्यापासून. हौशी रेडिओला आपल्याकडे दिलेला हा दोन मीटरचा पट्टा. तुम्ही परीक्षा देऊन परवाना घेतला आहे, म्हणून इथे निर्धास्त ऐकता येतं. जे आपल्यासाठी नाही ते कानावर पडलंच, तर ते बाहेर बोलायचं नाही, हेही त्या परवान्यासोबत आलेलं आहे.

आकडे पळताहेत. काहीच ऐकू येत नाही. खाली खरखर चालूच आहे, स्क्वेल्चने ती दाबून धरली आहे. हवं तर क्षणभर स्क्वेल्च उघडा, भाताच्या गिरणीसारखी ती खरखर ऐका, आणि पुन्हा बंद करा.

मग आकडे थांबतात. कुणा काकांचा वयस्कर, जरासा घोगरा आवाज येतो: ‘...तुमच्याकडे पाऊस कसा आहे? ओव्हर.’ संच पुढे सरकतो, तीन-चार जागा ओलांडतो आणि पुन्हा थांबतो. तोच घोगरा आवाज. ‘पाऊस कसा आहे? ओव्हर.’

माणूस एक, वाक्य एक, जागा दोन.

बोट आपसूक जागा वगळायच्या बटणाकडे जाईल. कितीतरी महिने माझं जायचं. एकच बोलणं दुसऱ्यांदा ऐकू आलं की मला ती जागा बिघडल्यासारखी वाटे. मी ती यादीतून गाळून टाकी आणि संच शांत झाला याचं समाधान मानी. असं करता करता आमच्या डोंगरावरच्या रिपीटरची, म्हणजे ऐकलेलं पुन्हा हवेत सोडणाऱ्या संचाची, खरी जागाच मी एक दिवस गाळली, आणि तिची सावली तेवढी ठेवली. रविवारच्या नेटला तीन आठवडे मी हजर नाही, म्हणून रेडिओच्या गटातल्या एका सदस्याने घरी फोन करून तब्येतीची चौकशी केली, तेव्हा ते लक्षात आलं. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एका जागेवर येऊन हजेरी द्यायची. पुरात, भूकंपात टॉवर बंद पडतात तेव्हा याच सवयीवर काम चालतं. खरी जागा माझ्या हातून गळून गेलेली असताना मी मात्र संच छान चालतो आहे असं समजत होतो.

तेव्हा बोट बटणावरून काढा. हँडी मांडीवर ठेवा. अजून काही दुरुस्त करायचं नाही.

आता लक्ष कुठे द्यायचं ते सांगतो. पहिला आवाज ऐका, पण त्यात अडकू नका. दुसराही ऐका. त्या दोघांच्या मधे किती वेळ गेला, तिथे कान ठेवा. एकाच संचावर हे कळत नाही, कारण तो एका वेळी एकाच जागी असतो. म्हणून दुसरा संच मागून आणा. एक संच पहिल्या जागेवर ठेवा, दुसरा दुसऱ्या. दोन्ही पडद्यांवरचे आकडे सावकाश वाचा. पुष्कळदा इथेच उलगडा होतो: एकच आकडा दोन वेगळ्या नावांनी दोनदा साठवलेला असतो, कधीतरी घाईत, कुणाच्या तरी यादीवरून उतरवताना. तसं असेल तर एक नाव पुसा आणि आजची रात्र नुसती ऐकण्यात घालवा.

आकडे वेगळे आहेत? मग दोन्ही संचांचा आवाज सारखा करून वाट पाहा. काका पुन्हा बोलतील.

समजा दोन्हीकडून आवाज एकदमच आला, मधे काहीच अंतर नाही, दोन पेट्यांमधून एक माणूस बोलतो आहे. आता उत्तराची वाट पाहा. काकांना पलीकडून कुणीतरी उत्तर देईल. ते उत्तर दोन्ही संचांवर येतं का? वरच्या आकड्यावर दोघांचंही बोलणं येत असेल आणि खालच्या आकड्यावर फक्त काका ऐकू येत असतील, समोरच्याच्या पाळीला नुसती शांतता असेल, तर तुम्ही रिपीटरच्या दोन्ही बाजू ऐकताय. डोंगरावरचा तो संच खालच्या जागेवर ऐकतो आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्झ वरच्या जागेवर तेच बोलतो. खालच्या जागेवर तुम्हाला काका ऐकू येतात याचा अर्थ एवढाच की काका तुमच्या जवळ आहेत, दोन गल्ल्या सोडून असतील. त्यांचा आवाज एकदा त्यांच्या गच्चीवरून सरळ येतो, आणि एकदा डोंगर चढून, उतरून येतो. मला स्वतःला यातला खालचा, सरळ येणारा आवाज जास्त आवडतो. त्यात मागचा पंखा ऐकू येतो, खुर्चीची करकर ऐकू येते. डोंगरावरून येताना ते सगळं झिजून जातं आणि वाक्य तेवढं उरतं.

यात दोष कुणाचाच नाही. दोन्ही जागा राहू द्या.

पण दोन्ही संचांवर दोघांचंही बोलणं येत असेल आणि मधे अंतर नसेल, तर आपल्या हातातल्या संचाकडे वळायला हवं. इथे जरा जास्त वेळ बसू.

हँडीची अँटेना बोटांच्या चिमटीत धरा. बोलण्याच्या बटणाला आता अजिबात हात लावायचा नाही, अँटेनेविना संचाने बोलू नये. डावीकडे फिरवा. पहिला अर्धा फेरा घट्ट जातो, मग आटे सैल होतात आणि रबरी दांडा हातात येतो. मधे टाचणीच्या टोकाएवढी सोनेरी पिन दिसेल. आकाशातलं सगळं एवढ्याशा जागेतून आत येतं. आता ऐका. आवाज गेला? तर तो बाहेरून येत होता. तसाच राहिला? तर बोलणारा इतका जवळ आहे की संचाच्या कवचातूनही तो आत शिरतो आहे. आणि बोलणं काहीच नसताना, अँटेना नसतानाही एखाद्या आकड्यावर संच थांबत असेल, नुसता मुका थांबत असेल, तर तो स्वतःचाच आवाज ऐकतो आहे. संचाच्या आत जे आंदोलक चालू असतात त्यांचीच ती शीळ. रेडिओवाले तिला बर्डी म्हणतात. अशी एक-दोन ठिकाणं जवळजवळ प्रत्येक संचात असतात. ती वहीत लिहून ठेवायची. आपल्या संचाची शीळ कुठे आहे हे ठाऊक असलं की ती दुसऱ्याच्या नावावर जमा होत नाही.

अँटेना परत लावा. आता वजाबाकी.

१९१८ साली एडविन आर्मस्ट्राँगने सुपरहेटरोडाइन रिसीव्हर उभा केला, आणि आजही असंख्य संच त्याच रीतीने ऐकतात. संच आत स्वतःची एक लहर तयार करतो, बाहेरून आलेली लहर तिच्यात मिसळतो आणि दोघींमधला फरक ऐकतो. हा फरक पुष्कळ संचांत १०.७ मेगाहर्ट्झ ठेवलेला असतो. आता शांतपणे पाहा: आतल्या लहरीच्या १०.७ खाली असलेलं स्टेशन आणि १०.७ वर असलेलं स्टेशन, दोघांचा फरक सारखाच येतो. वजाबाकीला खालचं कोण आणि वरचं कोण हे कळत नाही. दारावरची चाळणी चोख असेल तर नको असलेलं बाहेरच अडतं. ती पातळ असेल तर दोघंही आत येतात, आणि एकच स्टेशन खऱ्या जागेपासून बरोबर २१.४ मेगाहर्ट्झ दूर पुन्हा उगवतं. म्हणून दोनपैकी एक जागा या पट्ट्याबाहेरची असेल, तर दोन्ही पडद्यांवरचे आकडे कागदावर मांडा आणि मोठ्यातून लहान वजा करा. २१.४ आलं, तर ती सावली आहे. ही वजाबाकी पेन्सिलने, हळू करावी. उत्तर जुळतं तेव्हा इतक्या दिवसांचा गोंधळ दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्यावर येऊन थांबतो, आणि मला त्यात दरवेळी आनंद होतो.

२१.४ आलं नाही, तर मिश्रण तपासा. जवळपास दोन जोरकस स्टेशनं एकाच वेळी बोलत असली की कमजोर संचात ती एकमेकांत मिसळतात. एकाची दुप्पट, वजा दुसरं. १४५.५ ची दुप्पट २९१, त्यातून १४५.२ गेले, उरले १४५.८. आता १४५.८ ही आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून हौशी रेडिओसाठी येणाऱ्या आवाजाची जागा आहे. नवशिक्या मुलाने या आकड्यावर कान लावला आणि त्याला बोलणं ऐकू आलं, तर त्याचं काळीज केवढं धडधडेल! त्याला हसू नये. त्याच्या शेजारी बसावं आणि सांगावं, थांब, बोलणाऱ्या दोघांपैकी एक थांबतो का पाहा. एक जण थांबला आणि १४५.८ वरचा आवाजही त्याच क्षणी गेला, तर तो दोघांच्या गाठीतून जन्मलेला होता. स्थानक खरंच डोक्यावरून जाईल तेव्हा त्याचा आवाज फार तर दहा मिनिटं टिकेल आणि जाताना जागेवरून किंचित सरकत जाईल. तोही दिवस येतो.

हे मिश्रण ओळखायची दुसरी रीत मला फार जवळची आहे. अँटेना आणि संच यांच्यामध्ये अ‍ॅटेन्युएटर लावा, म्हणजे येणारं सगळंच मोजून कमी करणारी डबी. दहा डेसिबल कमी करा. खरं स्टेशन दहानेच खाली जातं. संचाच्या आत असं दोघांच्या गाठीतून झालेलं मिश्रण मात्र तीसने खाली जातं. जे खरोखर बाहेर आहे ते आपण कमी ऐकलं तरी प्रमाणात टिकून राहतं, आणि संचाने भार न सोसून रचलेलं तिप्पट वेगाने विरतं. ही डबी नसेल तर उठा, आतल्या खोलीत जा, न्हाणीघराच्या दाराशी उभे राहा, संच छातीशी धरा आणि भिंतीकडे तोंड करा. भिंती आणि तुमचं अंग मिळून पुष्कळ काही अडवतात. पुन्हा ऐका. काय उरलं?

कधी मिश्रण संचाच्या बाहेरच झालेलं असतं, आणि मग ही परीक्षा फसते. गच्चीवरचा गंजलेला पत्रा, कपडे वाळत घालायच्या तारेचा जुना पिळा, पाण्याच्या टाकीखालची लोखंडी चौकट: दोन धातूंच्या मधे गंज बसला की तो सांधा डायोडसारखा वागायला लागतो, आणि जवळच्या दोन स्टेशनांना तिथल्या तिथे मिसळून पुन्हा हवेत सोडतो. असा आवाज ऋतू पाळतो. कोरड्या हवेत येतो, पहिल्या पावसात सांधा भिजला की नाहीसा होतो, किंवा अगदी उलट. माझ्याकडे एक असाच आवाज होता. तो वाऱ्याबरोबर तुटत असे. शेवटी मी हँडी घेऊन गच्चीवर गेलो आणि कपड्यांच्या तारेला हात लावला. आवाज थांबला. हात काढला, आवाज परत आला. तार तीन ठिकाणी गाठ मारून जोडलेली होती, आणि प्रत्येक गाठीवर तांबूस पूड धरली होती. ती बोटांना लागली तशी मी बराच वेळ बघत राहिलो. नवी तार बांधायला वीस मिनिटं लागली.

आता खुर्चीवर परत या. काकांचा आवाज अजून उरला आहे. आणि आज, या बाल्कनीत, तो दुसऱ्या संचावर *उशिरा* येतो आहे. पहिल्यावर ‘ओव्हर’ संपतं, आणि मग दुसऱ्यावर ‘पाऊस कसा आहे’ सुरू असतं. सेकंदभर, कधी त्याहून जास्त. हा उशीर डोंगराचा नाही. डोंगरावर जाऊन यायला लहरीला सेकंदाचा दहा हजारावा भागही पुरतो. एवढा उशीर झाला तर आवाज कुठेतरी आकड्यांत बदलला गेला, त्याचे तुकडे बांधले गेले, इंटरनेटवरून कुठल्यातरी सर्व्हरकडे जाऊन आले आणि शेजारच्या भागातल्या जोडलेल्या स्टेशनवरून पुन्हा हवेत सुटले. तुमच्या गल्लीतला प्रश्न लांबचा फेरा मारून तुमच्याच गल्लीत परत आला. सकाळी तुमच्या रेडिओच्या गटात विचारा, लिंक कोण चालवतं ते कुणीतरी सांगेल. दोन्ही जागा एका यादीत ठेवायच्या की नाहीत, ते मग तुमचं तुम्ही ठरवा.

अंतर मोजायची सवय लागली की कान आणखी लांब जातो. लघुलहरींवर चांगल्या दिवशी मोर्सच्या टिंबामागे एक फिकट टिंब येतं, सेकंदाच्या सातव्या भागाने. तेवढ्या वेळात लहर पृथ्वीला एक पूर्ण प्रदक्षिणा घालते. अडीच सेकंदांनी परत आलेला आवाज चंद्राला जाऊन आलेला असतो. १० जानेवारी १९४६ ला न्यू जर्सीतल्या कॅम्प इव्हान्सहून अमेरिकी सैन्याच्या तंत्रज्ञांनी तो पहिल्यांदा परत आणला. आणि त्याच्याही आधी, १९२७ मध्ये, ओस्लोजवळ राहणाऱ्या यॉर्गेन हाल्स नावाच्या अभियंत्याने नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचं लघुलहरी स्टेशन ऐकताना नेहमीच्या प्रतिध्वनीखेरीज, मूळ आवाजानंतर सुमारे तीन सेकंदांनी, आणखी एक प्रतिध्वनी ऐकला. पृथ्वीच्या फेऱ्याला हा उशीर फारच जास्त, आणि चंद्राच्या अंतराशीही जुळत नाही. त्याने गणिती कार्ल स्टोर्मर यांना कळवलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मुद्दाम पाठवलेल्या संदेशांचे प्रतिध्वनी तीन ते पंधरा सेकंदांनी परत आले. त्यावर अनेक स्पष्टीकरणं मांडली गेली, एकही सर्वांना पटलेलं नाही. मला हाल्सचं मोठेपण वाटतं ते एका गोष्टीत. त्याने दुसऱ्यांदा आलेला आवाज संचाचा बिघाड म्हणून सोडून दिला नाही. त्याने सेकंद मोजले, आणि पत्र लिहिलं.

आपल्या किनाऱ्यानेही असं एक परत येणं पाहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला दीड मीटर तरंगलांबीचं रडार होतं. पावसाळ्याआधीच्या उन्हाळ्यात त्याच्या पडद्यावर हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे पडसाद उमटत. समुद्रावरच्या दमट हवेच्या थरावर जमिनीवरून आलेली गरम, कोरडी हवा पसरते, आणि लहरी वर निसटून न जाता त्या थराच्या बोगद्यातून पृथ्वीच्या गोलाईसोबत वाकत जातात. इतक्या दुरून पडसाद येईपर्यंत रडारचा पुढचा स्पंद निघून गेलेला असतो. मग आलेला पडसाद कुठल्या स्पंदाचा, हे ओळखावं लागतं. चुकलं तर अरबस्तान मुंबईच्या दाराशी दिसेल. कोकणात किनाऱ्याला राहत असाल तर एप्रिल-मेच्या रात्री हे आठवा. अनोळखी बोलणं ऐकू आलं म्हणून संचावर संशय घेण्याआधी बाहेर जाऊन हवेचा अंदाज घ्या. समुद्र निपचित आहे का? वरून झळ येते आहे का?

काकांचं बोलणं संपलं असेल. त्यांनी ‘सेव्हंटी थ्री’ म्हणून निरोप घेतला असेल, आणि सेकंदाने दुसऱ्या संचावर पुन्हा घेतला असेल. दोन्ही हँडी बंद करा. घरात लघुलहरींचा रिसीव्हर असेल तर तो लावा, मोर्सवर ठेवा, आकडा १४.१०० मेगाहर्ट्झ. दिवे कमी करा.

इथे जगभरातल्या अठरा बीकनना, म्हणजे ठरल्या वेळी आपली खूण पाठवणाऱ्या स्टेशनांना, एकामागून एक पाळी मिळते, प्रत्येकाला दहा सेकंद. अठरा झाली की तीन मिनिटं पूर्ण होतात आणि पहिलं पुन्हा येतं. रात्रंदिवस हेच चालतं, आकाश कुठवर उघडं आहे हे कुणालाही मोजता यावं म्हणून. प्रत्येक जण आधी मोर्समध्ये आपलं नाव सांगतो, मग चार रेघा देतो, प्रत्येकी एक सेकंदाच्या. नाव आणि पहिली रेघ शंभर वॅटची. दुसरी दहा वॅटची, तिसरी एका वॅटची, आणि चौथी एका वॅटच्या दहाव्या भागाची. विजेरीच्या छोट्या दिव्यालाही याहून जास्त वीज लागते.

श्रीलंकेच्या बीकनची पाळी आली आहे. फोर एस सेव्हन बी. नाव येतं. पहिली रेघ भरून येते. दुसरी त्याहून बारीक. तिसरी खरखरीच्या काठावर, आहे आणि नाही. चौथीच्या जागी एक सेकंद जातो.

तीन मिनिटांनी ती पुन्हा येईल. स्क्वेल्च पूर्ण उघडा, श्वास हळू करा, आणि बसून राहा.